वरळीचे बेडूक आणि त्यांचे दूरचे भाऊबंद

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, म्हणजे मुंबईच्या ज्या भागांत अजून थोडी मोकळी जमीन आणि एखादें डबकें शिल्लक आहे, तेथें रात्रीं बेडकांचा घोष सुरू होतो. पावसाळा आला, एवढाच अर्थ आपण त्यांतून काढतों, आणि कूस बदलून झोपीं जातों. आज ज्या बेडकांविषयीं मी बोलणार आहें, त्यांचा घोष ऐकावयास मात्र कोणीहि मनुष्य नव्हता. ते मुंबईचेच, अगदीं वरळीचे रहिवासी. परंतु त्यांचें वास्तव्य सहा कोटि वर्षांहूनहि आधींचें. त्या वेळीं मुंबई नव्हती, हें सांगावयास नकोच. पण सह्याद्रीचे आजचे कडेहि नव्हते, हिमालय नव्हता, आणि ज्या भूमीवर ते बेडूक नांदत होते ती भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस, एका विशाल बेटाच्या रूपानें, समुद्रांत एकटी होती.

हे बेडूक विद्वानांच्या नजरेस आले ते १८४६ च्या सुमारास. जी. टी. क्लार्क नांवाचे एक इंग्रज इंजिनियर त्या वेळीं मुंबईंत होते. मुंबई-ठाणें लोहमार्गाच्या पूर्वतयारीशीं त्यांचा संबंध होता. मुंबईच्या खडकांविषयीं त्यांनीं मार्च १८४६ मध्यें लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाकडे एक लेख धाडला. वरळीच्या टेकडीखालीं शाळेंतल्या पाटीसारखा काळा, पदर सुटणारा एक दगड लागतो. त्याच्या पदरांत बारीक हाडांचे सांगाडे उमटलेले दिसत होते. ते तपासण्याचें काम रिचर्ड ओवेन यांजकडे गेलें. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ सालीं ज्यांनीं घडविला तेच हे ओवेन. हत्तीहून थोर अशा प्राण्यांच्या हाडांत रमलेल्या या गृहस्थांनीं मुंबईच्या चिमुकल्या सांगाड्यांकडेहि तितक्याच बारकाईनें पाहिलें, आणि १८४७ सालीं त्यांस ‘राना पुसिला’ असें नांव दिलें. ‘राना’ म्हणजे लॅटिन भाषेंत बेडूक आणि ‘पुसिला’ म्हणजे इवलीशी. यांतलें दुसरें नांव आजहि कायम आहे. पहिलें मात्र टिकलें नाहीं, आणि तें कां टिकलें नाहीं यांतच आजच्या कथेचें बीज आहे.

पण तत्पूर्वीं एक शंका आपल्या मनांत आली असेल, ती फेडली पाहिजे. मुंबईचा खडक म्हणजे काळा दगड, अग्निजन्य. तप्त रसाच्या लोंढ्यांतून झालेल्या खडकांत बेडूक टिकला कसा?

याचें उत्तर असें आहे. दख्खनचा काळा दगड एका दिवसांत, एका ज्वालामुखींतून आलेला नाहीं. आपल्या डोळ्यांपुढें ज्वालामुखी म्हटला कीं शंकूसारखा पर्वत आणि त्याच्या माथ्यावर धूर असें चित्र उभें राहतें; येथील प्रकार निराळा होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडत आणि त्यांतून रस उतूं जाऊन पाण्यासारखा दूरवर पसरे. तो निवे. मग कधीं कांहीं शतकें, कधीं हजारों वर्षें शांततेचीं जात. त्या अवधींत दगडाची माती होई, पाऊस सांचून तळीं होत, झाडें उगवत, प्राणी येत. पुन्हां केव्हां तरी भेग उलगडे आणि नवा लोंढा जुन्या संसारावरून जाई. घरांत पोळ्यांची चळत असते आणि दर दोन पोळ्यांमध्यें तुपाचा हात फिरविलेला असतो, तसा हा प्रकार आहे. पोळ्या म्हणजे काळ्या दगडाचे थर. आणि मधलें तूप म्हणजे त्या शांततेच्या काळांतील गाळ. चळत केवढी मोठी म्हणाल, तर आजहि ती सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे, आणि पश्चिम घाटांत तिची जाडी दोन हजार मीटरांपर्यंत पोंचते. घाटांतून जातांना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात त्या या पोळ्यांच्या कडा होत. युरोपीय भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दहि स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या नांवावरून आलेला आहे.

या लोंढ्यांचा मुख्य भर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं होता. मुंबईचे थर या चळतींतील अगदीं वरचे, म्हणजे उशिराचे. त्यांचें वय सव्वासहा ते साडेसहा कोटि वर्षांच्या दरम्यान धरतात. म्हणजे वरळीचे बेडूक डायनोसॉर नाहींसे झाल्यावरचे. ज्या संकटांत पृथ्वीवरील तो महाकाय परिवार बुडाला, त्यांतून बेडकांची जात मात्र पार पडली, आणि अग्निरस निवून पुरता दगड होतो न होतो तोंच तळ्याच्या कांठीं येऊन बसली. मला या गोष्टीचें नेहमीं नवल वाटतें. ज्याला आपण क्षुद्र म्हणतों तो प्राणी पुष्कळदां अडचणीच्या काळीं जास्त शहाणा ठरतो. त्याला खावयास थोडें लागतें, लपावयास थोडी जागा पुरते.

वरळीचें तळें उथळ असावें आणि त्याचें पाणी संथ असावें. बेडकाचीं हाडें काडीसारखीं नाजूक. वाहत्या पाण्यांत तीं पांगलीं असतीं. पण येथें सांगाडेच्या सांगाडे मांडी घातल्यासारखे शाबूत मिळाले, आणि तेहि अनेक. तळच्या काळ्या चिखलांत हवा नसल्यामुळें कुजण्याची क्रिया मंदावली, गाळ वर बसत गेला, आणि पुढें वरून आलेल्या लोंढ्यानें सगळें झांकून टाकलें. चिखलाच्या वरच्या पदरांनीं ती आंच सोसली. खालच्या हाडांपर्यंत ती पोंचली नाहीं.

असे गाळाचे थर मुंबईसच आहेत असें नव्हे. नागपूरच्या आसपास ते पुष्कळ आहेत, आणि त्यांचा आरंभींचा अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप हे धर्मोपदेशक होते. दिवसा शाळा आणि फुरसतींत दगड, असा त्यांचा क्रम. १८६३ सालीं टाकळघाट येथील उत्खनन पाहून परततांना पावसाळ्यानें भरलेल्या ओढ्यांत ते बुडून मरण पावले. नागपूरचें हिस्लॉप महाविद्यालय पुष्कळांस ठाऊक असतें. ज्याच्या नांवाचें तें आहे तो मनुष्य कशापायीं गेला हें थोड्यांस ठाऊक असतें.

आतां वरळीकडे परत येऊं. ओवेन यांनीं दिलेलें ‘राना’ हें नांव सुमारें त्र्याऐंशी वर्षें चाललें. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास-संग्रहालयांतील जी. के. नोबल यांनीं या सांगाड्यांचा पुन्हां अभ्यास केला. हे नोबल मोठे चिकित्सक. चार वर्षांपूर्वीं, १९२६ मध्यें, व्हिएन्नाच्या काम्मेरर यांचा एक प्रसिद्ध बेडूक त्यांनींच तपासला होता, आणि त्याच्या पायावरील काळी खूण निसर्गदत्त नसून टोंचून भरलेली शाई आहे, हें जाहीर करून प्राणिशास्त्रांत खळबळ उडविली होती. अशा नजरेच्या मनुष्यास वरळीचे बेडूक ‘राना’ वाटेनात. बेडकांचीं कुळें ओळखण्यासाठीं खांद्याच्या हाडांची जुळणी, मणक्यांची घडण, बोटांचीं टोकें अशा गोष्टी पाहतात. वरवरचें रूप फसवें असतें, कारण उडी मारून जगणाऱ्या प्राण्याचा आकार सगळीकडे सारखाच होतो. नोबल यांनीं या बेडकांस ‘इंडोबॅट्राकस’, म्हणजे हिंदी बेडूक, असें नवें कुलनाम दिलें, आणि यांचे भाऊबंद आपल्याकडील डबक्यांत नसून ऑस्ट्रेलियांत आहेत असें मत मांडलें.

श्रोतेहो, या विधानांतील चमत्कार क्षणभर ध्यानांत घ्या. वरळी कोठें आणि ऑस्ट्रेलिया कोठें! मध्यें सबंध हिंदी महासागर पसरलेला. बरें, हा एकच अपवाद म्हणावा तर तसेंहि नाहीं. त्याच मुंबईच्या थरांत एक गोड्या पाण्यांतील कासव सांपडलें होतें. १८५२ सालीं एच. जे. कार्टर यांनीं त्याचें वर्णन केलें आणि डॉ. लीथ यांचें नांव त्यास दिलें. आपल्या आजच्या कासवांस भय वाटलें म्हणजे तीं मान सरळ मागें कवचांत ओढून घेतात. हें मुंबईचें कासव ज्या कुळांतलें आहे तीं कासवें मान आडवी दुमडून कवचाच्या कडेखालीं लपवितात, जणु सासुरवाशीण पदराआड तोंड लपवीत आहे. अशीं कासवें आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलिया येथें आहेत. भारतांत एकहि नाहीं.

म्हणजे सहा कोटि वर्षांपूर्वींच्या मुंबईंतल्या एका तळ्याचे सोयरे दक्षिण गोलार्धांत विखुरलेले. आणि आजच्या मुंबईचे सोयरे मात्र उत्तरेकडचे, आशिया खंडांतले. हें कसें झालें?

जुन्या शास्त्रज्ञांनीं यावर बुडालेल्या भूमीचा तोडगा काढला होता. मादागास्करमधील लेमूर नांवाच्या वानरसदृश प्राण्यांचे आप्त भारतांत कसे, या प्रश्नावर विचार करतांना फिलिप स्क्लेटर यांनीं १८६४ सालीं हिंदी महासागरांत एक खंड होतें आणि तें बुडालें अशी कल्पना केली. त्या खंडास ‘लेमुरिया’ म्हणत. कल्पना रम्य होती आणि पुढें अनेक कल्पक लेखकांनीं त्या बिचाऱ्या खंडावर नानाविध संस्कृति वसविल्या. समुद्राच्या तळाशीं मात्र त्याचा मागमूस लागला नाहीं. १९१२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनीं निराळेंच सुचविलें. खंड बुडालें नाहीं, खंडें सरकलीं. दक्षिणेकडील भूमि एके काळीं एकसंध होती. ती फुटली आणि तिचे तुकडे दूर गेले. त्यांतला एक तुकडा म्हणजे भारत. वेगेनर हे हवामानशास्त्रज्ञ, भूशास्त्रज्ञांच्या घरचे नव्हेत. त्यांचें कोणी फारसें ऐकून घेतलें नाहीं. ज्या १९३० सालीं नोबल यांचा वरळीच्या बेडकांवरील निबंध निघाला, त्याच सालीं वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फांत मरण पावले.

त्यांच्या मताला बळकट पुरावा मिळाला तो आपल्याच समुद्रांतून, ही गोष्ट मुंबईकरांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. भारत आणि सेशेल्स बेटें यांच्या दरम्यान समुद्राच्या तळाशीं एक लांब पर्वतरांग आहे. डेन्मार्कच्या एका मोहिमेला बिअरच्या कारखान्याच्या निधींतून साहाय्य मिळालें होतें, म्हणून त्या कारखान्याचें ‘कार्ल्सबर्ग’ हें नांव या रांगेला पडलें. १९६२ मध्यें एका ब्रिटिश जहाजानें या रांगेवरील चुंबकत्वाचें मोजमाप घेतलें. तप्त रस निवतांना पृथ्वीच्या चुंबकाची दिशा खडकांत कोरली जाते, आणि पृथ्वीचें चुंबकत्व मधूनमधून उलटतें. रांगेच्या दोन्ही अंगांस सुलट्या-उलट्या खडकांचे पट्टे लागतात, त्याचें कारण हेंच: रांगेच्या मध्यावर नवा तळ जन्मास येतो, आणि जुना तळ दोन्ही बाजूंस सारला जातो. व्हाइन व मॅथ्यूज या दोघांनीं १९६३ सालीं हें स्पष्टीकरण मांडलें. मग हिशेब उलगडत गेला. मादागास्करपासून भारत सुमारें ८ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वीं सुटला. त्या वेळीं सेशेल्सचा तुकडा आपल्यालाच चिकटलेला होता. तो वेगळा झाला तो दख्खनच्या अग्निरसाच्या सुमारास. त्यानंतर भारतानें एकट्यानें उत्तरेचा प्रवास केला. कधीं कधीं वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहूनहि अधिक वेगानें तो जात होता, आणि खंडांच्या मानानें ही धांवच म्हटली पाहिजे. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं तो आशियाला भिडला.

येथवरची साक्ष दगडांची झाली. पण सोडून गेलेल्या भावाच्या घरचीं माणसें आजहि आपल्याशीं नातें सांगतात कीं नाहीं, हें पाहावयास जिवंत प्राण्यांकडेच गेलें पाहिजे. आणि यासाठीं बेडकाइतका उत्तम साक्षीदार नाहीं. त्याची कातडी ओलसर आणि पातळ. तिच्यांतून पाणी आंतबाहेर होतें. खाऱ्या पाण्यांत पडला, तर त्याच्या अंगांतलें पाणी शोषलें जाऊन तो मरतो. त्याच्या अंड्यांचीहि तीच गत. समुद्रांतून वर आलेल्या बेटांवर बेडूक आढळत नाहींत, ही गोष्ट डार्विन यांनीं मुद्दाम नोंदून ठेवली आहे. अशी बेटें ज्वालामुखींपासून झालेलीं असतात. त्यांवर पक्षी उडत येतात, नारळ तरंगत येतात, बेडूक मात्र सहसा येऊं शकत नाहीं. सेशेल्सचीं मुख्य बेटें मात्र ग्रॅनाइटाचीं आहेत. तो दगड सुमारें पंचाहत्तर कोटि वर्षांचा. तीं समुद्रांतून उगवलेलीं नव्हेत, तुटून राहिलेलीं आहेत. आणि त्यांवर बेडूक आहेत. त्यांतल्या एका कुळाच्या चारच जाति असून त्या जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत. त्यांतील एक तर पुरा वाढला तरी सुमारें एक सेंटिमीटर भरतो. त्याला मध्यकर्णच नाहीं, तरी तो आपल्या जातीचा आवाज ऐकतो; २०१३ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, त्याच्या तोंडाची पोकळीच ध्वनीला घुमवून आंतील कानापर्यंत पोंचविते.

या बेटवासियांचा जवळचा आप्त कोण, हें कोडें बराच काळ सुटलेलें नव्हतें. तें सुटलें २००३ सालीं, केरळांत. इडुक्की जिल्ह्यांत वेलदोड्याच्या मळ्यालगतच्या रानांत एस. डी. बिजू यांस एक विचित्र बेडूक मिळाला. फुगीर, जांभळट, मऊ अंगाचा. डोकें शरीराच्या मानानें अगदीं लहान, आणि पुढें डुकराच्या मुसक्यासारखें टोंकदार नाक. बेल्जियमचे फ्रँकी बॉस्यूट यांच्यासह त्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि त्यास ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’ असें नांव दिलें. या नांवाशीं आपल्या नासिक शहराचा संबंध नाहीं. संस्कृत नासिकेचा आहे. तसें पाहिलें तर शूर्पणखेच्या कथेप्रमाणें शहराचें नांवहि नाकावरूनच पडलें, तेव्हां दोघांचें नातें अगदींच तुटक नव्हे.

शरीरांतील वंशद्रव्याची तुलना केली, तेव्हां या केरळी बेडकाचे सर्वांत जवळचे नातलग भारतांत सांपडले नाहींत. ते निघाले सेशेल्सचे ते नखाएवढे बेडूक! दोन्ही शाखा केव्हां फुटल्या याचे आंकडे निरनिराळ्या गणितांत कमीअधिक येतात. पहिल्या अंदाजांत ते तेरा कोटि वर्षांच्या आसपास होते. बहुतेक अंदाजांप्रमाणें ही फारकत डायनोसॉरांच्या काळांत जाते, आणि ती दोन्ही भूमि एकत्र होत्या तेव्हांची आहे.

हा बेडूक इतका काळ लपून कसा राहिला? याचें कारण त्याचा दिनक्रम, किंबहुना वर्षक्रम. जवळजवळ सबंध वर्ष तो जमिनीखालीं घालवितो. पायांनीं माती उकरतो आणि वाळवी खातो. वळवाचा पाऊस झाला कीं थोडे दिवस वर येतो. नर बिळाच्या आंतूनच साद घालतो. मादी त्याला पाठीवर घेऊन ओढ्याकांठच्या खडकांतील पाण्यांत हजारों अंडीं घालते, आणि दोघेहि पुन्हां पाताळांत जातात. म्हणूनच तेथील लोक त्याला ‘पाताळ तवळ’ म्हणतात. तवळ म्हणजे बेडूक. ‘मावेली’ असेंहि त्याचें एक नांव आहे. मावेली म्हणजे आपला बळिराजा, जो वर्षांतून एकदां प्रजेला भेटावयास पाताळांतून वर येतो. ज्यानें हें नांव दिलें त्याच्या रसिकतेचें मला कौतुक वाटतें. शास्त्रज्ञांच्या लॅटिनपेक्षां तें कितीतरी सरस आहे.

येथें एक गंमत सांगितलीच पाहिजे. या बेडकाचीं पिलें धबधब्याखालच्या वेगवान पाण्यांत तोंडाच्या शोषणीनें खडकाला घट्ट चिकटून सुमारें शंभर दिवस काढतात. तेथील आदिवासी लोक तीं पिढ्यान्‌पिढ्या गोळा करून खातात. १९१८ सालीं नेल्सन अॅनन्डेल यांनीं अशा पिलांचें वर्णनहि करून ठेवलें होतें. तीं एका दुसऱ्याच कुळांतलीं असावीं असा त्यांचा समज झाला. म्हणजे पिलांची ओळख विद्वानांस पंचाऐंशी वर्षें आधीं होती आणि रानांतल्या लोकांस तर कायमचीच; अज्ञात होते ते फक्त आईबाप. २०१७ सालीं याच्या दुसऱ्या एका जातीचें वर्णन झालें. ती घाटाच्या पूर्व उतारावर, तमिळनाडूंत राहते, आणि तिकडील परतीच्या पावसांत वर येते.

केरळ आपणांस दूर वाटत असेल, तर खंडाळ्यास चला. तेथील दमट मातींत, दगडाखालीं, गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला एक प्राणी असतो. कोंकणांत अशा प्राण्यांस देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळहि नव्हे आणि सापहि नव्हे. त्याला पाठीचा कणा आहे, जबड्यांत दांत आहेत, आणि नात्यानें तो बेडकाच्या वर्गांतला, म्हणजे उभयचर आहे. खंडाळ्याच्या जातीचें वर्णन एडवर्ड टेलर यांनीं १९६० सालीं केलें. पुढें आंबोली, रत्नागिरी आणि गोवा येथूनहि याचे भाऊबंद उजेडांत आले. यांचे अत्यंत जवळचे आप्तहि सेशेल्सलाच आहेत. मुंबईपासून सेशेल्स सुमारें सव्वातीन हजार किलोमीटर. आणि हा प्राणी स्वतःच्या बळावर एक ओढासुद्धां मोठ्या कष्टानें ओलांडील. तो सेशेल्सला गेला नाहीं. सेशेल्सच त्याला घेऊन गेलें.

आतां थोडें सावधगिरीचें बोलणें. वरळीचा बेडूक हा केरळच्या जांभळ्या बेडकाचा पणजोबा, अशी सांखळी कोणी जोडूं नये. दोन्हीं घराणीं वेगळीं. जांभळ्या बेडकाचें घराणें अग्निरसाच्या हद्दीबाहेर, दक्षिणेंत, टिकून राहिलें असें दिसतें. केरळांत तो काळा दगड पोंचलाच नव्हता. खंडाळ्याच्या देवगांडुळाचे पूर्वज निवलेल्या दगडावर माती धरल्यानंतर केव्हां तरी परत आले असावेत. वरळीच्या बेडकाचें घराणें मात्र, नोबल यांचें मत खरें मानलें, तर भारतांतून निर्वंश झालें. वर्तमानपत्रें जांभळ्या बेडकास ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात, तोहि शब्द मला पसंत नाहीं. तो आजचा प्राणी आहे. त्याच्या घराण्यानेंहि तेवढींच कोट्यवधि वर्षें पाऊस आणि दुष्काळ पाहिले आहेत, जेवढे आपल्या अंगणांतल्या बेडकाच्या घराण्यानें पाहिले. जुनें आहे तें नातें, प्राणी नव्हे.

आणि नोबल यांचें मत खरें कीं खोटें? ऑस्ट्रेलियाशीं नातें सर्वच विद्वान मान्य करीत नाहींत. हा वाद मिटावयाचा तर नवे, चांगले सांगाडे हवेत, आणि येथेंच अडचण आहे. वरळीचे ते काळे थर आज बहुतेक इमारतींखालीं आणि रस्त्यांखालीं गेले आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्रहालयांत मी एक दगड पाहावयास गेलों होतों. अधिकारी सज्जन होते. त्यांनीं कपाट उघडून दिलें. तळहाताएवढी काळी पाटी, तिच्यावर पांच सांगाडे, एकावर एक पाय टाकून निजलेल्या मुलांसारखे. चिठ्ठीवर फक्त ‘बेडूक, मुंबई’ एवढेंच लिहिलेलें होतें. कोणत्या जागेचा, कोणत्या थरांतला, कोणीं आणि केव्हां काढला, याची नोंदवही मागितली. ती एका स्थलांतरांत गहाळ झाली होती. पाटी होती तशीच आहे, हाडें तींच आहेत. परंतु जागेवांचून तिची निम्मी साक्ष गेली.

जिवंत साक्षीदारांचीहि परिस्थिति फारशी निराळी नाहीं. सेशेल्सचे बेडूक दोनतीन बेटांवरील डोंगराळ, दमट रानांतच आहेत. रान सुकूं लागलें, तर वर चढावयास त्यांस डोंगर उरलेला नाहीं. केरळांत ओढ्यांवर लहान लहान बंधारे पडतात. बंधारा शेतकऱ्यास हवा असतो, त्यांत त्याचा दोष नाहीं. पण त्यामुळें ओढ्याचा वेग थांबतो, आणि जें पिलूं वेगवान पाण्यांत खडकाला चिकटण्यासाठींच घडलेलें आहे, त्याला संथ पाणी परकें होतें. पिलें खाणाऱ्या आदिवासी घरांतील लोकांनींच अलीकडे अभ्यासकांस त्यांच्या जागा दाखविल्या आहेत. कोणत्या ओढ्यावर किती पिलें दिसतात, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणासहि ठाऊक नाहीं.

वेळ संपत आल्याची खूण समोरचा तांबडा दिवा करीत आहे. एकच विनंती उरली. या पावसाळ्यांत आपण खंडाळ्यास किंवा आंबोलीस गेलांत, आणि दगड उलटतांना निळसर-करड्या रंगाचें, कड्याकड्यांचें, चकचकीत अंगाचें देवगांडूळ दिसलें, तर त्यास सापाचें पिलूं समजून ठेंचूं नये. पुष्कळ ठिकाणीं तें तसेंच मारलें जातें. त्याला विष नाहीं. दगड होता तसा हलक्या हातानें परत ठेवावा, आणि जमल्यास ती जागा व तारीख वहींत लिहून ठेवावी.